ब्रायनी थ्रेलफॉलची उजळणी

ब्रायनी थ्रेलफॉलचं बूड म्हणून कधी एका जागी टेकलं नाही. वर्गात ती खुर्ची मागच्या दोन पायांवर तोलून झुलायची आणि वर्षाकाठी एकदा तरी धाडकन उताणी पडायची. सोळावं लागलं, शाळेची शेवटची मोठी परीक्षा तोंडावर आली, तेव्हा तिच्या आईनं, लोरेननं, खिडकीपाशी घडीचं टेबल मांडून दिलं. ब्रायनी त्या टेबलाशी बसायची, पाणी प्यायला उठायची, टोस्ट करायला उठायची, बाहेर कोण भांडतंय ते बघायला उठायची. तासाभरानं पाहावं तर पुस्तकाचं तेच पान.

शेवटी तिला स्वतःचा मार्ग सापडला. चालताना वाचलेलं तिच्या डोक्यात राहायचं. मग तिनं तीन रंगांची जाड कार्डं केली: बिझनेसची निळी, मीडियाची पिवळी, धर्माभ्यासाची गुलाबी. ती कोटाच्या खिशात कोंबून इंग्लंडमधल्या आपल्या फ्लीटवूड गावाच्या समुद्रकाठच्या भिंतीवरून ब्रायनी दीपगृहापासून बोटींच्या तळ्यापर्यंत येरझाऱ्या घालायची आणि मोठमोठ्यानं बोलायची. वारा असा की शब्द तोंडातून निघायच्या आत पळवून न्यावेत. एकदा एक निळं कार्ड उडालं, तर चिप्स समजून दोन समुद्रपक्षी त्याच्यामागे गेले. कुत्री फिरवायला येणाऱ्यांना तिची सवय झाली होती. एक म्हातारा रोज विचारायचा, "काय गं पोरी, आज येशू का मार्केटिंग?"

"आज मक्का, आजोबा," ती म्हणायची आणि पुढे सुटायची.

तिच्याबरोबर उजळणी करायची ती सॅफी रिग्बी. सॅफी म्हणजे ब्रायनीच्या अगदी उलट. बसली की दगडासारखी बसायची, पण चालायला सांगितलं की कपाळाला आठ्या. लहान मुलांच्या शाळेच्या चढाजवळ दातांच्या डॉक्टरच्या वर तिचं घर होतं, आणि खाली भिंतीला हा एवढा मोठा पांढरा दात पाटी म्हणून लावलेला होता. सॅफीला नखं रंगवण्याचे छोटे छोटे व्हिडिओ करायचा नाद होता, आणि ते बघणारेही बरेच होते. मीडियाच्या पेपरात आपल्याला पैकीच्या पैकी मिळणार याबद्दल तिला शंका नव्हती. "पहिल्या तीन सेकंदांत माणूस पकडायचा," ती ब्रायनीला शिकवायची. "नाहीतर तो अंगठ्यानं तुला वर ढकलतो आणि विसरतो. कंटाळवाणं सगळं कापून टाकायचं."

लोरेनचं काम शाळेचंच, पण लहान मुलांच्या शाळेचं. सकाळी शाळा भरताना आणि दुपारी सुटताना पिवळंजर्द जाकीट चढवून, 'थांबा' लिहिलेली गोल पाटी लावलेली लांब काठी घेऊन ती रस्त्याच्या मधोमध उभी राहायची आणि पोरांना पलीकडे पोचवायची. मधल्या वेळात शाळेच्या स्वयंपाकघरात जेवण वाढायची. बाई आडव्या अंगाची, आवाज असा की बंदरावरच्या भोंग्यानं लाजावं. मुलं तिला भ्यायची नाहीत, गाडीवाले मात्र भ्यायचे. ब्रायनीचा बाप ती लहान असतानाच प्रेस्टनला निघून गेला होता आणि वाढदिवसाला तेवढा मेसेज पाठवायचा. घरात त्या दोघीच.

ईस्टरची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात ते घडलं.

ब्रायनी जेवणाच्या सुट्टीत रांगेत उभी होती. फोन दप्तरातच ठेवायचा नियम होता, पण टेबलाखाली तो कोण पाळतंय? मागच्या टेबलावर आधी खुसखुस झाली, मग हशा पिकला. एका मुलानं हातातला काटा उंच धरला आणि बायकी, जाडजूड आवाज काढून ओरडला, "थांब रे, मेल्या! दिसत नाही का तुला?"

ब्रायनीला तो आवाज ओळखीचा वाटला. कुणीतरी तिच्यासमोर फोन धरला. गावाच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ होता. वरून, उंचावरून घेतलेला. रस्त्यावर एक पांढरी व्हॅन उभी, आणि तिच्यासमोर लोरेन थ्रेलफॉल. काठी दोन्ही हातांनी उचलून ती व्हॅनच्या बॉनेटवर दाणकन आपटत होती, एकदा, पुन्हा एकदा, आणि तोंडानं असं काही बोलत होती की लहान मुलांच्या शाळेसमोर तर सोडाच, बंदरावरसुद्धा लोक मान वळवून बघतील. रस्ता मोकळा. एकही मूल नाही. व्हिडिओ संपला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आपली पोरं आपण हिच्या भरवशावर सोडतो!'

"आज तुझी आई काठी घेऊन नाही आली का गं?" काटा धरलेल्या मुलानं विचारलं.

ब्रायनीनं ताट तिथंच ठेवलं आणि बाहेर गेली. सॅफी तिच्यामागून आली, तिचा हात धरला, म्हणाली, "लक्ष देऊ नकोस. उद्यापर्यंत विसरतील." सॅफीचा हात गार पडला होता, पण ब्रायनीचं तेव्हा तिकडे लक्ष नव्हतं.

लोक विसरले नाहीत. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ शेजारच्या ब्लॅकपूल शहराच्या ग्रुपवरही गेला. कुणी लोरेनला दारुडी म्हटलं, कुणी वेडी. कुणी तिच्या वजनावर घसरलं. कौन्सिलमधून, म्हणजे नगरपालिकेतून, फोन आला: चौकशी होईपर्यंत रस्त्यावरच्या कामावर यायचं नाही.

"पण झालं काय होतं?" ब्रायनीनं विचारलं. लोरेन स्वयंपाकघरात उभी राहून बटाटे सोलत होती, दोघींना आठवडाभर पुरतील इतके.

"तो व्हॅनवाला पुढे सरकत होता. मी पाटी धरली होती. थांबवला त्याला."

"पण रस्त्यात कुणी नव्हतंच."

"मी होते ना!" लोरेन म्हणाली. "माझा जीव काय फुकटचा आहे?"

"मग हे कौन्सिलला सांग."

"सांगितलं." लोरेननं आणखी एक बटाटा घेतला. "जा, अभ्यास कर. माझ्याभोवती माशीसारखी घोंघावू नकोस."

ब्रायनी अभ्यासाला गेली, म्हणजे भिंतीवर गेली. पण आता कार्डं वाचली तरी मेंदूत शिरेनात. निळ्या कार्डावर ग्राहकांचा विश्वास, पिवळ्या कार्डावर बातमी कोण निवडतं, गुलाबी कार्डावर शिक्षेचे हेतू. सगळं तिला व्हॅनच्या बॉनेटवरच नेऊन आपटत होतं. कुत्रीवाले आता तिला काही विचारत नव्हते. त्या म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघून नुसती मान हलवली, आणि ती मान दयेनं हलली की आणखी कशानं, हे न कळून ती आणखी भराभर चालायला लागली. रात्री पाय दुखायचे, पण झोप यायची नाही. एका व्हॅनवाल्यानं त्यांच्या घरासमोरून जाताना मुद्दाम लांबलचक भोंगा वाजवला, तर ती अनवाणी रस्त्यावर धावली. लोरेननं तिला दंडाला धरून आत आणलं.

"चोर सोडून संन्याशाला सुळी!" ब्रायनी ओरडली. "आणि तू गप्प बसतेस! तू! सगळ्या गावाला गप्प करणारी!"

आईचं हे गप्प बसणं ब्रायनीला व्हिडिओपेक्षाही जास्त सलत होतं.

मीडियाच्या उजळणीच्या तासाला बाईंनी पडद्यावर एक चित्र लावलं आणि नेहमीचे प्रश्न विचारले. कॅमेरा कुठे आहे? चौकटीत काय घेतलंय? बाहेर काय ठेवलंय? मुलं पेंगत उत्तरं लिहीत होती. ब्रायनीनं पेन खाली ठेवलं. आईचा व्हिडिओ तिनं इतक्या वेळा पाहिला होता, पण प्रत्येक वेळी आईकडेच बघितलं होतं. कॅमेरा कुठे आहे हे एकदाही बघितलं नव्हतं.

तास सुटल्यावर ती मुलींच्या संडासात गेली, कडी लावली आणि फोन काढला. उंचावरून. पहिला मजला. रस्त्याच्या शाळेकडच्या बाजूनं. आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी पांढरं, गोलसर, चकचकीत. तिनं चित्र मोठं केलं. दात. डॉक्टरच्या पाटीवरच्या त्या दाताचं वरचं टोक.

तिला आधी हसूच आलं. मग आठवलं, त्या दाताच्या वर कोण राहतं ते.

सॅफीला शाळेत गाठलं असतं तर ती दहा जणींच्या घोळक्यात शिरली असती. म्हणून शनिवारी ब्रायनी तिला म्हणाली, "चल, नदीपलीकडे जाऊ. नॉट एंडला आइस्क्रीम खाऊ आणि धर्माची उजळणी करू." सॅफीला बोटीत बसायला आवडायचं नाही, पण चालण्यापेक्षा बसणं बरं म्हणून ती आली. फेरीची बोट लहान. काठ सुटला, मध्ये करडं पाणी आलं, तेव्हा ब्रायनीनं तिच्यासमोर फोन धरला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हा तुमचा दात आहे."

सॅफीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं आजूबाजूला बघितलं. एक म्हातारं जोडपं, सायकलवाला, आणि चोहीकडे पाणी.

"ब्राय, माझं ऐक—"

"ऐकतेच आहे. पळायला तुला जागा नाही आणि उडी मारायला तुला पोहता येत नाही."

"मी ग्रुपवर नाही टाकला! मी फक्त माझ्या पानावर टाकला होता, गंमत म्हणून. मला वाटलं, लोक म्हणतील काय जबरी बाई आहे. मग कुणीतरी तिथून उचलला आणि खाली ते घाणेरडं वाक्य लिहिलं. मी लगेच काढून टाकला, आईशप्पथ. पण तोपर्यंत—"

"आणि मग माझा हात धरून म्हणालीस, लक्ष देऊ नकोस."

सॅफी रडायला लागली. म्हाताऱ्या बाईंनी पिशवीतून कागदी रुमाल काढून न बोलता पुढे केला.

"सुरुवात कुठंय?" ब्रायनीनं विचारलं.

"काय?"

"मध्येच सुरू होतो तो. आई काठी उचलते तिथून. त्याच्या आधीचं कुठंय?"

सॅफीनं नाक पुसलं. "कापलं. लांब होतं. आधी नुसताच ब्रेकचा आवाज आणि... मला वाटलं, कंटाळवाणं आहे. पण आहे माझ्याकडे. अख्खा आहे. पाठवते."

बोट पलीकडे लागली तरी दोघी उतरल्या नाहीत. त्याच बोटीनं परत आल्या. येताना ब्रायनीनं अख्खा व्हिडिओ पाहिला.

सुरुवातीला रस्त्याच्या मधोमध लोरेन काठी रोवून उभी होती. एक लहान मुलगी, गुलाबी कोट, पाठीवर ससुल्याचे कान असलेली पिशवी, तिच्या समोरून जात होती. व्हॅन थांबलेली होती, मग ती सरकली. नुसती सरकली नाही, तिनं हिसका घेतला. लोरेननं एका हातानं त्या मुलीला पिशवीला धरून असं मागे खेचलं की मुलीचे पाय जमिनीवरून उचलले गेले. पुढचं चाक मुलगी उभी होती तिथं येऊन थांबलं. लोरेननं मुलीला फुटपाथवर उभं केलं, तिच्या गालावरून हात फिरवला, तिला शाळेच्या फाटकाकडे ढकललं. मुलगी पळाली. मग लोरेन वळली. आणि मग काठी.

ब्रायनी धक्क्यावरून घरापर्यंत पळत गेली.

"आई, बघ! आता बघू दे सगळ्या गावाला! आत्ता टाकते मी हा!"

लोरेननं व्हिडिओ बघितला. ब्रायनीला वाटलं होतं, आई हसेल, रडेल, निदान खुर्चीत तरी बसेल. लोरेननं फोन टेबलावर पालथा ठेवला.

"पुसून टाक."

"काय?"

"एल्सी आहे ती. जेमा स्वॉरब्रिकची. कोणासोबत दिसली तुला?"

"कोणासोबतच नाही. एकटी होती."

"तेच," लोरेन म्हणाली. "सहा वर्षांची पोर रोज एकटी येते. जेमा मासळीच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जाते. बाप नाही. आजी साउथपोर्टला. शेजारची मुलं घेऊन जातात म्हणून जेमाला वाटतं, पण ती टवाळ पोरं कधीच पुढे निघून जातात. मी रोज कोपऱ्यापर्यंत जाऊन बघते ती येतेय का. टोस्ट देते हातात. हे बाहेर आलं तर उद्या तिच्या दारात पोर काढून नेऊ शकणारी सरकारी बाई फाइल घेऊन उभी राहील. आणि गावाला चघळायला नवीन हाड मिळेल. माझं सोडून तिचं."

"म्हणून तू मार खाणार?"

"मला कुठं लागतंय?"

"खोटं बोलू नकोस! फक्त कौन्सिलला दाखव मग. गुपचूप."

"कौन्सिलला दाखवलं की त्यांना पुढे कळवावंच लागतं. नियम आहे तो." लोरेन उठली आणि तिनं किटली चढवली. "आणि तूसुद्धा तोंड उघडायचं नाहीस. मला शब्द दे."

ब्रायनीनं शब्द दिला. त्यावेळी तिला खरंच वाटत होतं की आपण तो पाळू.

पुढचे दिवस तिनं कसे काढले, तिचं तिला ठाऊक. फोन खिशात निखाऱ्यासारखा होता. सॅफी रोज मेसेज करायची. एकदा म्हणाली, मुलीचा चेहरा धूसर करू, मला येतं. ब्रायनीला तिचं तोंड बघायचं नव्हतं, तरी ती गेली. दोघी कॉम्प्युटरसमोर बसल्या. सॅफीनं चेहरा पुसला, पण गुलाबी कोट राहिला. कोट पुसला, तर ससुल्याचे कान राहिले. सगळीच मुलगी पुसली तेव्हा लोरेन धुक्याचा एक गोळा उचलून फुटपाथवर ठेवताना दिसायला लागली.

"हे बघून लोक म्हणतील, बाई खरंच प्यायलीय," ब्रायनी म्हणाली, आणि त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा दोघींना हसू फुटलं. पण ते लगेच विरलं. ब्रायनी उठली आणि खोलीतल्या खोलीत फिरायला लागली.

"तू बस ना जरा," सॅफी म्हणाली. "मला घाबरायला होतं."

"घाबर. तुझी तेवढी शिक्षा आहे."

धर्माभ्यासाचे मिस्टर अडेयेमी शाळा सुटल्यावर उजळणीचा तास घ्यायचे. शांत, बुटके गृहस्थ. विधान द्यायचे, त्याच्या बाजूनं लिहा, विरुद्ध लिहा, मग तुमचा निष्कर्ष लिहा. त्या दिवशी विधान होतं, सत्य नेहमी सांगितलंच पाहिजे. ब्रायनीनं बाजूनं भराभर लिहिलं, कुराण, बायबल, सगळं. विरुद्धही लिहिलं. निष्कर्षाच्या जागी येऊन तिचं पेन अडलं. पाय टेबलाखाली असा हलत होता की पुढच्या मुलीनं मागे वळून डोळे वटारले.

"सर," तास संपल्यावर ती म्हणाली, "आणि सत्य सांगितल्यामुळे तिसऱ्याच माणसाला लागणार असेल तर?"

"तिसऱ्या माणसाला विचारलंस का?" मिस्टर अडेयेमी फळा पुसत म्हणाले. ते परीक्षेबद्दलच बोलत असावेत. त्यांना बिचाऱ्यांना बाकीचं काय ठाऊक!

पण ब्रायनीच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. दोन दिवस तो आत गुणगुणत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी, कारखान्याची पाळी सुटून जेमा घरी आली असेल अशा बेतानं, तिचे पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले. धर्माचा पहिला पेपर दुसऱ्या दिवशी होता.

जेमा स्वॉरब्रिकनं दार उघडलं. अंगाला मासळीचा वास, केस जाळीखाली दाबून चपटे झालेले. वयानं ती ब्रायनीची मोठी बहीण शोभली असती.

"लोरेनची ना तू? ये की. तुझ्या आईचं वाईट झालं गं. लोक काहीही बोलतात."

ब्रायनीनं वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी पळाली. तिनं नुसता फोन पुढे केला.

जेमानं उंबऱ्यात उभ्या उभ्या व्हिडिओ बघितला. चाक थांबलं त्या क्षणी तिच्या तोंडून आवाज निघाला, पोटात लाथ बसल्यासारखा. आतून एल्सी "आई, काय झालं?" म्हणत आली, हातात अर्धं बिस्किट. जेमानं तिला धरलं आणि पोटाशी इतकं आवळलं की पोर कुरकुरली.

"तू शेजारच्या बेकेटच्या मुलांबरोबर जातेस ना शाळेत?"

एल्सीनं ब्रायनीकडे बघितलं, मग जमिनीकडे. "ते पळतात," ती म्हणाली.

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"लोरेन मला टोस्ट देते," एल्सी म्हणाली, जणू हे उत्तर होतं.

ब्रायनीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती म्हणाली, "मी कुणाला दाखवणार नाहीये. तुम्हाला फक्त... तुम्हाला ठाऊक असायला हवं असं वाटलं." जेमानं दार लावून घेतलं. धाडकन नाही, पण लावलं.

घरी येऊन ब्रायनीनं आईला सगळं सांगितलं. लपवणं तिला कधी जमलंच नव्हतं. लोरेननं तिच्यावर आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. लोरेन म्हणाली, "तू शब्द दिला होतास," आणि आपल्या खोलीत गेली. सकाळी परीक्षेला निघताना टेबलावर अंडं आणि टोस्ट झाकून ठेवलं होतं. आई मात्र बाहेर आली नाही.

जिमच्या मोठ्या हॉलमध्ये ओळीनं टेबलं मांडलेली. ब्रायनी दीड तासाहून जास्त एका जागी बसली. तिच्या आयुष्यातला हा पराक्रमच म्हणायचा, पण काय लिहिलं ते तिला नंतर आठवेना. एक प्रश्न क्षमेवर होता. दोन टेबलं सोडून सॅफी बसली होती, तिची मान खाली, हात झपाझप चाललेला. ब्रायनी तिच्या पाठीकडे बघत बसली, आणि घड्याळ पुढे गेलं.

घरी परतली तर जेमा त्यांच्या स्वयंपाकघरात उभी होती, कोटसुद्धा न काढता.

"सहा वर्षांची आहे ती!" जेमा लोरेनवर ओरडत होती. "रोज एकटी येताना बघितलीस, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"तुझ्यावर आधीच एवढं ओझं, बाळा. मला वाटलं, मी बघतेच आहे—"

"तुझं लक्ष नसतं एखाद्या दिवशी तर? तू आजारी पडली असतीस तर? तुला घरी बसवलं त्या दिवसापासून तिला रस्ता कोण ओलांडून देत होतं, लोरेन?"

लोरेन खुर्चीत बसली. हा विचार ब्रायनीलाही सुचला नव्हता. इतके दिवस ती भिंतीवरून येरझाऱ्या घालत होती, आईची बाजू आणि गावाची बाजू मांडत होती, आणि ती पोर रोज सकाळी एकटी त्या रस्त्याच्या कडेला उभी राहत होती.

"मी कौन्सिलमध्ये जाऊन आले," जेमा म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला. "सगळं सांगितलं. माझ्याच तोंडानं. कुणी पाठवलं म्हणून नाही." ती दाराशी थांबली. "तू तिला मागे ओढलंस त्याबद्दल... ते मी नंतर बोलेन. आत्ता मला तुझा राग आलाय."

त्यानंतरच्या गोष्टी कौन्सिलच्या चालीनं, संथपणे झाल्या. सरकारी बाई जेमाकडे आली. जेमानं आदल्या दिवशी घर घासून घासून आरशासारखं केलं होतं. बाईनं चहा घेतला, एल्सीशी खेळली, आणि शाळेत सकाळी लवकर येणाऱ्या मुलांच्या न्याहारीची सोय असते तिथं एल्सीचं नाव घातलं. कारखान्यानं पाळी बदलायला आधी कुरकुर केली, मग बदलली. लोरेनला लेखी ताकीद मिळाली: काठी आणि भाषा, दोन्ही जपून वापरावीत. शिवाय मूल धोक्यात दिसलं तर कळवायचं असतं, हे तिला एक दिवसाच्या वर्गात बसवून शिकवण्यात आलं. त्या वर्गावरून ती परतली तेव्हा ब्रायनीनं विचारलं, "कसं होतं?"

"बसून बसून पाठ गेली," लोरेन म्हणाली. "तू शाळेत अकरा वर्षं कशी काढलीस गं?" आई आणि लेकीमधलं बोलणं त्या दिवसापासून पुन्हा सुरू झालं. शब्द मोडल्याबद्दल लोरेननं तिला माफ केलं की नाही, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि ब्रायनीनं विचारलं नाही.

व्हॅनवाल्याचं काय झालं? पोलिसांनी त्याला बोलावलं आणि दंड केला. गावाच्या ग्रुपवर त्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही. ज्यांनी लोरेनला दारुडी म्हटलं होतं, ती माणसं तोवर बंदराजवळच्या पार्किंगवरून एकमेकांची डोकी फोडत होती.

जूनमध्ये लोरेन पुन्हा रस्त्यावर उभी राहिली. पहिल्या सकाळी ब्रायनी मुद्दाम लांबून बघत थांबली, तिचा बिझनेसचा शेवटचा पेपर त्या दिवशी दुपारी होता. जेमा एल्सीचा हात धरून आली. लोरेननं पाटी उंच केली, गाड्या थांबल्या. दोघी पलीकडे गेल्या. जेमानं मान वळवून बघितलं नाही. आठवडाभर हे असंच चाललं. मग एकदा जेमाला उशीर होत होता, तिनं एल्सीचा हात लोरेनच्या हातात दिला, "फाटकापर्यंत सोड हिला," म्हणाली आणि वळून पळत सुटली.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. सॅफीला मीडियात शाळेत सर्वांत जास्त गुण मिळाले. ब्रायनीला बिझनेसमध्ये बरे, मीडियात बरे, धर्मात जेमतेम पास होण्याइतके. मिस्टर अडेयेमींनी तिचा कागद बघून चष्मा वर सारला. "तुझ्याकडून मला जास्त अपेक्षा होती, ब्रायनी. दोन्ही बाजू तुला इतक्या छान मांडता यायच्या."

"निष्कर्ष राहिले, सर," ती म्हणाली.

फाटकाबाहेर सॅफी तिची वाट बघत उभी होती. त्या बोटीच्या दिवसानंतर त्यांच्यात एक पोकळी आली होती, बोलणं व्हायचं पण दोघी जपून बोलायच्या. सॅफीनं नखांचे व्हिडिओ थांबवले नव्हते. एकदा तिनं झाला प्रकार सांगून माफी मागणारा व्हिडिओही केला होता, पण टाकण्याआधी ब्रायनीला दाखवला, आणि ब्रायनी म्हणाली, "यातही तूच आहेस नुसती." तो तिनं टाकला नाही.

"आई म्हणाली, चिप्स खाऊन ये," सॅफी म्हणाली. "पैसे दिलेत तिनं. तू येतेस का?"

ब्रायनीनं हातातला कागद चार घड्या करून खिशात घातला. तिला हो म्हणावंसं वाटत होतं आणि नाहीही म्हणावंसं वाटत होतं, आणि दोन्ही तितकंच खरं होतं.

"येते," ती म्हणाली. "पण बसून नाही खाणार. चालता चालता."

"देवा," सॅफी म्हणाली, आणि दोघी ट्रामच्या रुळांच्या कडेनं निघाल्या. ब्रायनी चार पावलं पुढे, सॅफी धापा टाकत मागे.